झिओलाइटवर प्लॅटिनम बसवायचंय? आधी तो कॅटॅलिस्ट मरणार कशाने ते ठरवा

लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, सर प्लॅटिनम किती टक्के टाकू? आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, ते नंतर बघू, आधी सांग हा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) मरणार कशाने, म्हणजे निकामी कशाने होणार. पोरं हसतात. पण खरं सांगतो, झिओलाइटवर (आत बारीक बोळ असलेला सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा स्फटिक) मेटल बसवायला एक आठवडा पुरतो, ते टिकवायला मात्र वर्ष जातं, आणि ते वर्ष वाया जाणार का नाही हे पहिल्या आठवड्यातच ठरलेलं असतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी केस घेऊ. पॅराझायलीन, ज्याच्यापासून पीटीए (टेरेफ्थॅलिक ॲसिड) आणि मग पॉलिएस्टर होतं. रिफायनरीतून आठ कार्बनवाल्या ॲरोमॅटिक्सचा जो प्रवाह येतो त्यात तीन झायलीन (पॅरा, मेटा, ऑर्थो) आणि एथिलबेंझीन असं एकत्र असतं. डिस्टिलेशनने वेगळं करू म्हणाल तर एथिलबेंझीन १३६ डिग्रीला उकळतं, पॅरा १३८ ला, मेटा १३९ ला, म्हणजे विसरा. म्हणून पॅरा काढून घेतात, उरलेलं पुन्हा रिॲक्टरमध्ये फिरवून समतोलाला आणतात (तिथे झायलीनमध्ये पॅराचा वाटा साधारण २४ टक्के) आणि एथिलबेंझीन मोडून टाकतात. त्याची एथिल साखळी तुटून बेंझीन आणि एथिलीन होतं, हे काम झिओलाइटच्या ॲसिड जागांचं (सांगाड्यात ॲल्युमिनियम असतं तिथल्या आम्लधर्मी जागा). मग प्लॅटिनम कशाला? तर ते एथिलीन मोकळं राहिलं की पुन्हा रिंगला चिकटतं, नाहीतर आपसात जोडत जाऊन कोक, म्हणजे कॅटॅलिस्टवर साचणारा कार्बनचा थर, बनतं. प्लॅटिनम हायड्रोजन घालून त्याचं इथेन करून टाकतं, विषय संपला. म्हणजे इथे प्लॅटिनम मुख्य हिरो नाहीच, तो सफाई कामगार आहे, आणि सफाई थांबली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ही केस घेण्याचं अजून एक कारण म्हणजे ती आपल्या घरातली आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉल रत्नसामींच्या टीमने झेडएसएम-५ या कृत्रिम झिओलाइटच्या जातीचा एन्सिलाइट नावाचा कॅटॅलिस्ट तयार केला आणि १९८० च्या दशकात तो बडोद्याला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत झायलीन आयसोमरायझेशनला (एका झायलीनचं दुसरं करायला) चालला. आणि झिओलाइट म्हणाल तर पुणे, नाशिक, जळगावच्या बेसाल्टच्या खाणींत स्टिलबाइट-ह्यूलँडाइटचे असे सुंदर स्फटिक निघतात की जगभरचे संग्राहक विकत घेतात, फक्त ते कॅटॅलिस्टसाठी कामाचे नाहीत, शोकेससाठी आहेत. प्लांटला लागतो तो ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशरच्या बंद भांड्यात) बनवलेला.

आता मरणाचे प्रकार. पहिला कोक, हा बरा, कारण जाळता येतो. दुसरा सिंटरिंग, म्हणजे प्लॅटिनमचे बारीक कण सरकत सरकत एकमेकांना भेटतात आणि मोठे गोळे होतात. इथे एक ढोबळ आडाखा कामाला येतो. धातूचा वितळणबिंदू केल्विनमध्ये घ्यायचा, त्याच्या ०.३ पटीला पृष्ठभागावरचे अणू हलायला लागतात आणि ०.५ पटीला आतलेही. प्लॅटिनम वितळतं २०४१ केल्विनला, म्हणजे पहिली हालचाल ३४० डिग्री सेल्सिअसच्या आसपास आणि खरी पळापळ ७५० ला. तांब्याचं हेच गणित केलं तर दुसरा आकडाच ४०० डिग्रीच्या आसपास येतो, त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून तांबं वापरू म्हणणाऱ्याने आधी आपल्या रिॲक्टरचं टेम्परेचर बघावं. तिसरं मरण वाफेचं, गरम वाफ झिओलाइटच्या सांगाड्यातून ॲल्युमिनियम उपटून काढते, ॲसिड जागा जातात आणि त्या परत येत नाहीत. चौथं विष, गंधक प्लॅटिनमला धरतो आणि नायट्रोजनवाली बेसिक संयुगं ॲसिड जागांना. आपल्या केसमध्ये कोक रोजचा आहे, आणि तो जाळताना सिंटरिंग आणि वाफ हे दोन्ही एकदम येतात, म्हणून खरा धोका रिॲक्शनमध्ये कमी आणि रिजनरेशनमध्ये (कोक जाळून कॅटॅलिस्ट पुन्हा ताजा करताना) जास्त. हे एकदा कळलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सोपे होतात.

झिओलाइट निवडताना पहिला सापळा लेबलवरच असतो. सप्लायर सिलिका-ॲल्युमिना रेशो लिहितो, पेपरमध्ये सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो असतो, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. डब्यावर ३० लिहिलंय म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियम १५. हे न बघता मागवलेला माल मी दोन वेळा पाहिलाय, त्यातला एक माझाच. १५ रेशोच्या झेडएसएम-५ मध्ये ग्रॅममागे साधारण १.०४ मिलिमोल ॲल्युमिनियम, तेवढ्याच आयन बसायच्या जागा. ॲसिड जास्त हवं तर रेशो कमी, वाफेत टिकायला हवं तर रेशो जास्त, यातलं एकच पूर्ण मिळतं.

दुसरा सापळा वजनाचा. झिओलाइट म्हणजे पाणी पिणारा दगड. कोकणातल्या एमआयडीसीत जुलै महिन्यात भाजलेला झेडएसएम-५ वजनकाट्यावर ठेवून बघा, आकडा स्थिर होतच नाही, चौथा दशांश सोडा तिसराही तुमच्या डोळ्यासमोर चढत राहतो. म्हणून थोडा नमुना ५५० डिग्रीला जाळून त्यात किती वजन जातं ते काढायचं, आणि सगळी गणितं कोरड्या वजनावर करायची. हे नाही केलं तर तुमचा ०.३ टक्के प्लॅटिनम प्रत्यक्षात कितीही असू शकतो आणि दोन बॅच कधीच जुळणार नाहीत.

आता मीठ, म्हणजे ज्या रूपात प्लॅटिनम पाण्यात विरघळवून आणायचं ते संयुग. इथे लोक सवयीने क्लोरोप्लॅटिनिक ॲसिड उचलतात कारण ते कपाटात असतंच. पण त्यातला प्लॅटिनम ऋण आयनात असतो आणि झिओलाइटचा सांगाडाही ऋण, दोघं एकमेकांना जवळ करत नाहीत, प्लॅटिनम बाहेरच्या पृष्ठभागावर सुकतं आणि पहिल्याच तापवण्यात गोळा होतं. आपल्याला धन आयन पाहिजे, म्हणजे टेट्राअमाइन प्लॅटिनम नायट्रेट. हा चपटा आयन झेडएसएम-५ च्या साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमच्या बोळात शिरू शकतो, फक्त घाई केलेली त्याला चालत नाही. क्लोराइडवालं मीठ टाळा असंही सांगेन, क्लोरीन धुऊन काढणं कटकटीचं आहे.

गणित करून टाकू. १० ग्रॅम कोरडा झिओलाइट, अमोनियम रूपातला, ०.३ टक्के प्लॅटिनम म्हणजे ३० मिलिग्रॅम, त्यासाठी मीठ लागेल सुमारे ६० मिलिग्रॅम. एकदम तोलू नका, स्टॉक सोल्युशन करून घ्या. एकूण जागांपैकी आपण जेमतेम ३ टक्के भरतोय, आणि हाच घोळ आहे, कारण जागा भरपूर आणि आयन थोडे असले की ते पहिल्या भेटलेल्या जागेवरच बसतात, म्हणजे कणाच्या बाहेरच्या सालीवर. अमोनियम रूप घ्यायचं ते यासाठीच, अमोनियम आयन जागेसाठी भांडत राहतात आणि प्लॅटिनमला आत सरकावं लागतं. झिओलाइट लिटरभर डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात ढवळत ठेवा, १०० मिलिलिटरमध्ये विरघळवलेलं मीठ दीड-दोन तास घेऊन थेंब थेंब सोडा, मग ६० डिग्रीला रात्रभर फिरू द्या. सकाळी फिल्टर, डीआय पाण्याने भरपूर धुणं, ११० डिग्रीला सुकवणं. आणि फिल्टर झालेलं पाणी ओतून देऊ नका, ते आयसीपीला (धातू किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा. पाण्यात प्लॅटिनम जवळजवळ काहीच नसलं तरच ते झिओलाइटवर गेलंय, एवढं साधं आहे.

आता भाजणं, आणि इथे थोडं थांबतो कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त बॅच इथेच मरतात. एका जुन्या नोकरीत आम्ही ६० ग्रॅम एक्स्चेंज केलेली पावडर एका खोल क्रुसिबलमध्ये गच्च भरली, मफल फर्नेसमध्ये ठेवली, मिनिटाला १० डिग्रीने ५५० केलं आणि घरी गेलो. सकाळी वरून बघितलं तर मस्त साय रंगाची पावडर, सगळे खूश. चमचा आत घातला तर खाली राखाडी, आणि तळाला जवळजवळ काळी. झालं असं की प्लॅटिनमला चिकटलेला अमोनिया तापल्यावर सुटतो, खोल भांड्यात त्याला बाहेर पडायला वाट नाही, मग तोच अमोनिया प्लॅटिनमला रिड्यूस करतो, आम्ही हायड्रोजन लावायच्या आधीच. असा रिड्यूस झालेला प्लॅटिनम मोठ्या कणांत जमतो. भाजून झालेली पावडर राखाडी दिसली की समजायचं काम बिघडलंय, पुढचं काही करायची गरज नाही.

बरोबर पद्धत म्हणजे उभी क्वार्ट्झ ट्यूब, पावडरचा पातळ थर, आणि कोरडी हवा थराच्या आरपार, वरून फिरणारी नाही. ग्रॅममागे मिनिटाला निदान अर्धा लिटर हवा, म्हणून एका वेळी दोन-तीन ग्रॅमच. तापवायचं मिनिटाला अर्ध्या डिग्रीने, हो अर्ध्याच, ३५० पर्यंत, तिथे दोन-तीन तास. हिशेब केलात तर एकट्या चढणीलाच ११ तास लागतात, रात्री लावून जायचं. ५५० कशाला नाही? कारण झिओलाइट आधीच भाजलेला आहे, आता फक्त प्लॅटिनमला चिकटलेला अमोनिया घालवायचाय आणि त्याला ३५० पुरतं. हवा कोरडी पाहिजे, मध्ये मॉलिक्युलर सीव्हची (पाणी शोषणाऱ्या गोळ्यांची) नळी लावा, कॉम्प्रेसरची थेट हवा लावणाऱ्यांना वाफ फुकट मिळते.

शॉर्टकट मारणारे विचारतात की हवा कशाला, सरळ हायड्रोजनमध्ये तापवू. नको. अमोनियावाला प्लॅटिनम थेट हायड्रोजनमध्ये तापवला की मध्येच एक चार्ज नसलेलं, हलकं फिरणारं हायड्राइड बनतं आणि प्लॅटिनम त्याच्यावर बसून बोळातून बाहेर निघून जातं. हे १९७२ साली डाला बेटा आणि बुडार्टने सांगून ठेवलंय, तरी दरवर्षी कोणीतरी करतंच. आधी ऑक्सिजन, मग नायट्रोजनने ट्यूब नीट फ्लश (हवा आणि हायड्रोजनच्या मध्ये हे विसरलात तर कॅटॅलिस्टची काळजी करायला तुम्ही राहणार नाही), मग हायड्रोजन, मिनिटाला एक-दोन डिग्रीने ४०० पर्यंत. आता राखाडी रंग आला तर तो योग्य वेळी आलेला आहे, फिकट एकसारखा राखाडी हवा, चमकणारे काळे ठिपके नकोत.

मग केमिसॉर्प्शन, म्हणजे प्लॅटिनमला किती गॅस चिकटतो ते मोजणं. किती टक्के प्लॅटिनम अणू पृष्ठभागावर आहेत ते कळतं, आणि १.१ ला त्या अपूर्णांकाने भागलं की कणाचा अंदाजे व्यास नॅनोमीटरमध्ये येतो. ०.८ आलं तर १.४ नॅनोमीटर, छान. ०.२ आलं तर साडेपाच नॅनोमीटर, आणि झेडएसएम-५ चे बोळ जिथे एकमेकांना छेदतात तिथली जागाच साधारण ०.९ नॅनोमीटर, म्हणजे तो कण आत असूच शकत नाही, तो बाहेर येऊन बसलाय नाहीतर सांगाडा फोडून बसलाय.

इथपर्यंत पावडर झाली, प्लांटला पावडर चालत नाही. झिओलाइटमध्ये स्यूडोबोहमाइट (बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा ॲल्युमिना) घालून थोड्या नायट्रिक ॲसिडने मळायचं, चकलीच्या सोऱ्यासारख्या एक्स्ट्रूडरमधून दीड मिलिमीटरच्या शेवया काढायच्या, हळू सुकवायच्या, भाजायच्या. मळताना पाणी जास्त झालं तर शेव लोंबते आणि कमी झालं तर एक्स्ट्रूडरचं तोंड चोंदतं, चकली करणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. सुकवताना घाई केली तर शेवेला भेगा जातात आणि रिॲक्टरमध्ये भुगा होऊन प्रेशर ड्रॉप वाढतो, कॅटॅलिस्ट जिवंत असूनही प्लांट बंद करावा लागतो. प्लांटसाठी करताना प्लॅटिनम आधी पावडरवर नाही, शेव काढल्यावर टाकायचं. आणि इथे मिठाची निवड पुन्हा कामाला येते. बाइंडरचा ॲल्युमिना न्यूट्रलच्या आसपासच्या पाण्यात धन असतो, म्हणून टेट्राअमाइनवालं धन प्लॅटिनम त्याला टाळून झिओलाइटमध्ये जातं, आणि क्लोरोप्लॅटिनिकवालं ऋण प्लॅटिनम ॲल्युमिनावर. म्हणजे धातू कुठे राहायला जाणार ते तुम्ही मिठावरून ठरवू शकता. २०१५ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका कामात तर मोठ्या रेणूंच्या हायड्रोक्रॅकिंगसाठी (हायड्रोजन देऊन तोडण्यासाठी) प्लॅटिनम झिओलाइटच्या आत ठेवण्यापेक्षा शेजारच्या बाइंडरवर ठेवलेलंच चांगलं निघालं, त्यामुळे 'आत म्हणजे चांगलं' हा नियम नाही. आपल्याकडे एथिलीन ॲसिड जागेवर जन्मतं आणि लहान आहे, म्हणून मी आत ठेवतो. टक्केवारीचा प्रश्नही इथेच सुटतो. ०.३ हे शिकायला आणि मोजायला सोयीचं, प्रत्यक्षात या रिॲक्शनला त्याहून कमी चालतं, कारण प्लॅटिनम जास्त झालं की ते एथिलीन सोडून झायलीनच्याच रिंगमध्ये हायड्रोजन घालायला लागतं आणि तुमचा माल नॅफ्थीन (हायड्रोजन भरलेली रिंग) होऊन जातो.

टिकाऊपणा तपासताना सगळ्यात मोठी फसवणूक आपण स्वतःची करतो. ५०० तास चालवला, कन्व्हर्जन (आत गेलेल्या मालापैकी किती बदलला) ९९.९ टक्के, ग्राफ सरळ रेषा, मॅनेजमेंट खूश. आता साधं फर्स्ट ऑर्डरचं (वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात) गणित करा, अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी कन्व्हर्जन ९७ च्या आसपास दिसेल. तेच तुम्ही ४० टक्के कन्व्हर्जनला चालवत असाल तर अर्धा मेल्यावर २३ दिसेल, लपणारच नाही. म्हणून फीड वाढवा, कॅटॅलिस्ट कमी घ्या, ३० ते ६० टक्क्यांत राहा. पॅराझायलीनच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका, तो समतोलाला चिकटलेला असतो आणि कॅटॅलिस्ट बराच आजारी पडेपर्यंत काही बोलत नाही. एथिलबेंझीन बघा, ते खरं बोलतं.

आणि गॅस लाइनचा जीसी (गॅसमधले घटक वेगळे करून प्रत्येकाचा पीक दाखवणारं यंत्र) रोज बघा. माझी सगळ्यात आवडती खूण तिथे आहे. एथिलीनचा छोटासा पीक दिसायला लागला, एथिलबेंझीन मात्र अजून नीट मोडतंय, तर ॲसिड ठीक आहे आणि प्लॅटिनम मरतंय, गंधक आलाय का बघा. उलट एथिलीन शून्य, पण एथिलबेंझीनचं कन्व्हर्जन घसरतंय, तर प्लॅटिनम ठीक, ॲसिड जागा जातायत, कोक किंवा नायट्रोजन. एका पीकवरून अर्धं निदान होतं, आणि लोक महागड्या टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी) रांगेत उभे राहतात.

लवकर मारून बघायचं असेल तर हायड्रोजनचं प्रमाण कमी करा किंवा टेम्परेचर वाढवा, पण दर वेळी मूळ कंडिशनला परत येऊन मोजा, नाहीतर टेम्परेचरचा परिणाम आणि मरणाचा परिणाम वेगळा करता येणार नाही. प्लांटवाल्यांना मात्र कन्व्हर्जन घसरलेलं चालत नाही, ते टेम्परेचर वाढवत नेऊन कन्व्हर्जन टिकवतात, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा द्यायचा तो महिन्याला किती डिग्री वाढवावं लागलं हा. त्यांना तोच समजतो आणि खरं तर तोच कामाचा आहे.

रिजनरेशन. नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजनपासून सुरू करा आणि बेडमधलं सगळ्यात गरम ठिकाण ५०० च्या वर जाऊ देऊ नका. कोकमधला हायड्रोजन जळला की पाणी होतं, म्हणजे तुम्ही स्वतःच बेडला वाफ देताय, म्हणून गॅस फिरवत असाल तर मध्ये ड्रायर पाहिजेच. थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारी तार) एकच असेल तर तो दाखवतो ते टेम्परेचर बेडचं नसून त्या थर्मोकपलचं आहे हे लक्षात ठेवा. असं तीन-चार वेळा मुद्दाम कोक करून जाळा आणि दर वेळी केमिसॉर्प्शन आणि अमोनिया टीपीडी (ॲसिड जागा मोजायची चाचणी) करा. पहिला आकडा पडत गेला तर कण जमतायत, दुसरा पडत गेला तर वाफ लागतेय.

फाइन केमिकल किंवा फार्मावाले वाचत असतील तर तुमचं मरण वेगळं, तुमच्याकडे लिक्विड फेज, तिथे धातू विरघळून निघून जातो. पॅलेडियम तर असा बेरकी की गरम असताना विरघळून रिॲक्शन करतो आणि थंड झाल्यावर परत झिओलाइटवर येऊन बसतो, तुम्ही थंड फिल्टरेट (गाळलेलं द्रव) तपासता आणि म्हणता लीचिंग, म्हणजे धातू विरघळून जाणं, नाही. अर्धी रिॲक्शन झाल्यावर गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं द्रव तसंच गरम चालू ठेवा, रिॲक्शन पुढे सरकली तर काम द्रवातला पॅलेडियम करत होता, झिओलाइट फक्त पोस्टाचा डबा होता. आणि गरम पाण्यात काम असेल तर वाय झिओलाइट घेऊ नका, १५०-२०० डिग्रीच्या द्रव पाण्यात त्याचा सांगाडा ढासळतो, झेडएसएम-५ बराच तग धरतो.

शेवटी कॅटॅलिस्ट मेलाच तर तो भंगार नाही, त्यात प्लॅटिनम आहे आणि ते परत काढणारे रिफायनर पैसे देतात. फक्त पाठवण्याआधी कोक जाळून घ्या, पूर्ण बेडमधून वरचा-मधला-खालचा असा नमुना काढा, त्याचे तीन भाग करून एक त्यांना, एक स्वतःला आणि एक सील करून तिसऱ्या लॅबसाठी ठेवा. वजन दोघांच्या समोर करा, आणि वजनाबरोबर त्याच दिवशी ५५० डिग्रीला जाळून गेलेलं वजनही काढून सह्या घ्या, कारण ड्रम पावसाळ्यात उघडला तर तो पुन्हा पाणी प्यायलेला असतो.